बडीचं पाणी

४ मे १९८३, बुधवार

आईने टोपी धुतली! मी मळ्यातून परत येतो तो कमांडोची टोपी कुंपणावर, दोन लुगड्यांच्या मधे. बिल्ला तेवढा काढून ठेवला होता, नशीब. "घामाचा वास येत व्हता," म्हणाली. गल्लीतल्या बाया बघायला उभ्या. सखुबाईने बोटाने दाबून पाहिली. "ही घातली का मानूस इमानातून उडी टाकतो?" आई म्हणाली, "हजारात एकाला मिळती." हा आकडा तिने कुठून काढला कोण जाणे. आम्ही साठ जण गेलो होतो, अकरा राहिलो.

खरं म्हणजे बारा राहायला हवे होते.

हे एक वाक्य लिहायला वही आणली, कळवणच्या दुकानातून. पलटणीत वही ठेवता येत नाही, घरात बोलता येत नाही. दोन महिन्यांची रजा आहे. कमांडो झाल्यानंतरची पहिली.

५ मे

पुंजाआप्पा आले होते. सरपंच. गावातर्फे सत्कार, रविवार २९ तारखेला, शाळेच्या पटांगणात. नारळ, शाल, हार, आणि माझं भाषण. मी म्हटलं, "राहू द्या आप्पा, कशाला." तर दादा मधेच — माझे वडील, धोंडीराम आहेर, एरवी चार शब्द बोलायला महाग — "का राहू द्यायचा? कारभारी आहेर गावातला पहिला हाय." त्यांचा आवाज जरा हलला. मी गप्प बसलो. गप्प बसणं मला चांगलं जमतं.

८ मे, रविवार

लिहून टाकतो.

प्रोबेशनच्या, म्हणजे कमांडोच्या निवड-परीक्षेच्या, पहिल्या दिवशी उस्तादांनी जोड्या लावल्या. जोडीदाराला तिथे बडी म्हणतात. नाशिक जिल्ह्याचे दोघेच होतो म्हणून आहेर आणि पगारे एक जोडी. मल्हारी पगारे, एकलहऱ्याचा. वडील तिथल्या वीजकेंद्रात कोळशावर. वेगळ्या पलटणीतून आलेला, माझ्याहून वर्षभराने लहान, काटकुळा, कान मोठे. मला वाटलं होतं आठवडाभरात परत जाईल.

आमच्या उस्तादांची एक रीत होती. आपली पाण्याची बाटली आपल्याकडे ठेवायची नाही. माझी मल्हारीच्या पाठीवर, मल्हारीची माझ्या. तहान लागली की मागायचं. तो देईल. पाठीवर जी आहे ती बडीची, तिला आपलं तोंड लावायचं नाही. उस्ताद म्हणायचे, "दुश्मन के पीछे चार आदमी जाओगे. वहाँ न लंगर, न डॉक्टर, न माँ. जिसके पास तुम्हारा पानी है, वही तुम्हारी माँ." प्रत्येक चौकीवर ते बाटली हातात घेऊन वजन बघायचे. कुणी किती दिलं, कुणी किती घेतलं, सगळं त्यांना हातावर कळायचं.

ऑक्टोबरात शेवटचा मार्च. शंभर किलोमीटर, पाठीवर तीस किलो. दुसऱ्या दिवशी दुपारी, सत्तरच्या पुढे, मी एका खडकाआड लघवीला म्हणून गेलो आणि मल्हारीची बाटली काढून सगळी प्यायलो. सगळी! शेवटच्या थेंबापर्यंत. मग पुढची चौकी आठवली. शेजारी म्हशींचं डबकं होतं. त्यात बाटली बुडवली, भरली, पुसली, झाकण लावलं.

अर्ध्या तासाने मल्हारीने पाणी मागितलं. मी बाटली दिली. एक घोट घेतला, थांबला. माझ्याकडे बघितलं. मग अजून दोन घोट घेतले आणि बाटली मला परत दिली.

अठ्ठ्याऐंशी किलोमीटरला पोटात कळा, उलट्या. रस्त्याच्या कडेला आडवा झाला. म्हणाला, "तू जा. दोघं थांबलो तर दोघं गेलो." मी त्याच्याजवळची माझी बाटली घेतली, त्याची त्याच्या उशाशी ठेवली आणि पळालो. वेळेत पोचलो.

दोन दिवसांनी कळलं, पगारेला परत पाठवलं. आजारी पडलेल्याला तिथे पुन्हा एकदा बसू देतात. येईल पुढच्या तुकडीत, असं मी स्वतःला सांगत राहिलो. पुढची तुकडी आली. तो नव्हता. मी कुणाला विचारलंही नाही.

११ मे

झोप नाही. आई म्हणते, कमांडोला झोप कमीच लागते. शेजारणीला अभिमानाने सांगत होती.

१५ मे, रविवार

एकलहऱ्याला जाऊन आलो.

घरी सांगितलं, मित्राकडे. सकाळची एसटी, नाशकात बदलली, पुढे नाशिकरोड, तिथून कॉलनीची बस. चिमण्या लांबूनच दिसतात. कॉलनीत झाडांच्या पानांवरसुद्धा राख. पगाऱ्यांचं घर एका पोरीने दाखवलं. दारात मल्हारीची आई तांदूळ निवडत होती. मी सवयीने "रामराम" म्हटलं. ती म्हणाली, "जय भीम, बाळा. कोण तू?" नाव सांगितलं तर सूप बाजूला ठेवून उठलीच. "आहेर! तुझं नाव लय ऐकलं रे. पत्रात तुझंच असायचं — आहेरनं असं केलं, आहेरनं तसं केलं."

लताबाई नाव त्यांचं. आत बसवलं. तांब्या, वर स्टीलचा चकचकीत पेला. दोन पेले प्यायलो. तहान खरंच लागली होती.

मी बोलायची तयारी करून गेलो होतो. बसमधे वाक्यं जुळवली होती. पण त्याच बोलू लागल्या. मल्हारी सात महिन्यांत घरी आलेला नाही. रजा मिळते, घेत नाही. कारण त्याचे वडील, सहादू, त्याच्याशी बोलत नाहीत. पत्राला उत्तर देत नाहीत. मी म्हटलं, का? आजारी पडला यात त्याचा काय दोष?

"आजारी पडला म्हनून नाय काढला, बाळा. चोरून पानी पेला म्हनून काढला." कॉलनीतलाच एक जण मल्हारीच्या जुन्या पलटणीत आहे, त्याने येऊन सांगितलं. साहेबांनी विचारलं, बाटलीत हे पाणी कुणी भरलं? मल्हारी म्हणाला, मीच. आहेर झोपला होता तेव्हा त्याच्या पाठीवरून काढून प्यायलो, मीच डबक्यातून भरली. शिस्त मोडलेल्याला पुन्हा बसू देत नाहीत. कायमचा बाद.

सहादूंनी पत्राने विचारलं, खरं का? त्याने एका ओळीचं उत्तर दिलं. हो, प्यायलो.

"ह्यांच्या आज्याला पाटलाच्या हिरीवर चढू देत नव्हते," लताबाई म्हणाल्या. "वरून वतलं तर वंजळीत घ्यायचं. ते म्हनत्यात, पान्यापायी आमची मानसं मार खाऊन आली, आन् माझ्या पोरानं पानी चोरलं. त्याच दिवशी तोंड फिरवलं त्यांनी."

मी काय बोललो? "तो तसा नाही, काकू." एवढंच. साक्षीदार असल्यासारखा! त्यांनी रजेचं विचारलं तेव्हा रविवारच्या, २९ तारखेच्या सत्काराचं मात्र सांगून बसलो, आणि मग बसची वेळ झाली म्हणून उठलो. बसला अजून तास होता.

१६ मे

काल रात्रभर एकच विचार. म्हणजे तो घोट घेतला तेव्हाच त्याला कळलं होतं. थुंकला असता आणि ओरडला असता तर मी तिथेच बाद. तो अजून दोन घोट प्यायला.

आठ तारखेला मी इथे लिहिलं ते खरं आहे पण पूर्ण नाही. माझी बाटली मल्हारीकडे होती, त्यात पाणी होतं. मी मागितलं असतं तर त्याने दिलं असतं. सकाळपासून दोनदा मागितलं होतं, दोन्ही वेळा हसत दिलं होतं. तिसऱ्यांदा मागवेना. का मागवेना? आमच्या पडवीत कोनाड्यात एक पेला पालथा असतो. जुना, पोचे आलेला. वस्तीतला कुणी कामाला आला की त्याला त्यात पाणी, आणि त्यानेच तो विसळून ठेवायचा. मी जन्मापासून बघतो. सैन्यात गेल्यावर मला वाटलं, ते सगळं गावात राहिलं. एका पंगतीत जेवलो, एका पांघरुणात झोपलो. आणि तरी पगाऱ्याकडे तिसऱ्यांदा पाणी मागायच्या ऐवजी खडकाआड गेलो.

मागायची लाज वाटली. चोरायची नाही वाटली.

२० मे

शाळेचे मास्तर भाषणाचे मुद्दे मागत होते. कमांडो म्हणजे नक्की काय करतात, मुलांना कळेल असं सांगा म्हणाले. कागदावर लिहून दिलं — शत्रूच्या मुलखात गुपचूप उतरणे, पूल उडवणे, दारूगोळ्याचे साठे उडवणे, बातमी आणणे, सैन्याच्या आधी जाणे, नंतर परतणे. मास्तर खूश. "आणि पकडले गेलात तर?" त्यांनी विचारलं.

त्याचंही प्रशिक्षण असतं. आम्हाला खड्ड्यात ठेवलं होतं, डोक्यावर गोणपाट, अंगावर गार पाणी, वरून आपलेच लोक शत्रू होऊन ओरडतात — बडी कुठे आहे, बडीचं नाव सांग. आपण फक्त आपलं नाव, नंबर, हुद्दा सांगायचा. बाकी काही नाही. मी एकोणीस तासांनी रडलो. नाव घेतलं नाही, पण रडलो. मल्हारीला चौतीस तास ठेवलं. बाहेर काढल्यावर म्हणाला, "काही खायला आहे का?"

हे मास्तरांना सांगितलं नाही. म्हटलं, "पकडले जायचंच नाही, मास्तर." ते हसले.

२६ मे, गुरुवार. बुद्धपौर्णिमा

पुन्हा एकलहरे. या वेळी सहादू घरी होते. विहारातून नुकतेच आलेले, पांढरे कपडे, हातात मेणबत्तीचं पाकीट. मल्हारीचे कान त्यांच्यावरच गेलेत. लताबाई खीर आणायला आत गेल्या. खीर यायच्या आत बोललो, नाहीतर मग बोलवलं नसतं.

"काका, ते पाणी मी प्यायलो होतो. डबक्यातून मीच भरलं. मल्हारीने माझं नाव घेतलं नाही."

मग त्यांनी विचारलं, "डबकं कसलं व्हतं?"

"म्हशींचं."

"आन् त्याला कळलं नाय?"

"कळलं. तरी प्यायला."

ते भिंतीकडे बघत राहिले. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली मल्हारीचा, गणवेशातला. आपल्या हातांकडे बघून म्हणाले, "सात महिनं मी माझ्या पोराशी बोललो नाय." दारात लताबाई, हातात दोन वाट्या. त्यांनी ऐकलं होतं. खाली बसल्या नाहीत, रडल्या नाहीत. एक वाटी माझ्यासमोर ठेवली. ती वाटी खाली ठेवण्याचा आवाज अजून कानात आहे.

मला वाटलं होतं, सहादू उठून मला मारतील. बरं झालं असतं. ते म्हणाले, "तुझ्या गावात ठावं हाय का हे?"

"नाही."

"तिथं तुझा सत्कार हाय, असं हिला सांगितलंस म्हनं."

"हो. रविवारी."

"मग हितं कशापायी सांगतोस? हितं तुला कुनी हार घातला नाय. तिथं सांग." मेणबत्तीचं पाकीट बाजूला ठेवत, "मी येतो ऐकाया."

खीर खाल्ली. संपवली. न खाता उठणं म्हणजे अजून एक अपमान झाला असता त्यांचा.

२८ मे

आजारी पडता आलं तर! एकदा मनात आलं. मग आजारी कोण पडलं होतं ते आठवलं.

२९ मे, रविवार

झालं.

पटांगण भरलेलं. दादा नव्या धोतरात, पहिल्या रांगेत. आईने टोपी स्वतःच्या हाताने माझ्या डोक्यावर नीट केली. पुंजाआप्पांनी हार घातला, झेंडूचा, गुडघ्यापर्यंत लोंबणारा. मास्तर माझी माहिती सांगत होते तेवढ्यात एसटीच्या थांब्याकडून सहादू येताना दिसले. पांढरा सदरा, छत्री. एकटेच. मागच्या बाकावर बसले. नवा माणूस बघून कुणीतरी विचारलं असेल, कुठले, कोण. त्यांनी सांगितलं असेल. कारण लगेच आई उठून घराकडे गेली — घर पटांगणाला लागूनच — आणि पाणी घेऊन आली.

कोनाड्यातला पेला. पोचे आलेला. मी व्यासपीठावरून ओळखला.

मी ओरडून थांबवू शकलो असतो. थांबवलं नाही. सहादूंनी पेला घेतला, आत बघितलं, भरलेलाच बाकाखाली ठेवला.

मग मी बोललो. मुद्दे खिशातच राहिले. सांगितलं, की ही टोपी माझी नाही. माझ्या जोडीदाराचं पाणी मी चोरून प्यायलो, त्याला म्हशींच्या डबक्यातलं पाजलं, तो मरता मरता वाचला. आळ त्याने आपल्यावर घेतला. त्याचं नाव मल्हारी पगारे, एकलहऱ्याचा, आणि ते मागे बसलेत ते त्याचे वडील.

मला वाटलं, आता दगड येतील. पुंजाआप्पा उठले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि लोकांकडे बघून हसले. "अरे पानीच ना! लढाईत काय काय करावं लागतं, ह्यो तर खरं सांगायला बी भ्यायला नाय. त्यो गेला, आपला टिकला. टिकतो त्योच गडी!" आणि टाळ्या. अख्खं पटांगण! कुणीतरी माझ्या नावाचा जयजयकारही केला.

मला शिव्या मिळाल्या असत्या तर मी आज झोपलो असतो. मल्हारीऐवजी पुंजाआप्पांच्या घरचा पोरगा त्या रस्त्यावर पडला असता तर टाळ्या वाजल्या असत्या का? हे मी तिथेच विचारायला हवं होतं. घरी आल्यावर सुचलं.

सहादू छत्री घेऊन उठले. मी हार गळ्यात तसाच घेऊन त्यांच्या मागे थांब्यापर्यंत पळालो. "काका, मी पलटणीला लिहितो. सगळं."

"लिही," ते म्हणाले. बस येईपर्यंत आम्ही दोघे उभे होतो.

रात्री दादा म्हणाले, "येवढ्या मानसांत कशाला सांगायचं?"

३० मे

अर्ज लिहिला. हिंदीत, चार ओळींचा. पाणी मी चोरलं, पगारे निर्दोष, त्याला पुन्हा बसू द्यावं, माझी टोपी काढून घ्यावी. कळवणला जाऊन रजिस्टर केला. पावती या वहीत.

सकाळी कोनाड्यातला पेला घासून आत मांडणीवर ठेवला, आमच्या पेल्यांत. संध्याकाळी बघतो तर पुन्हा कोनाड्यात, पालथा.

३१ मे

पुन्हा आत ठेवला.

१ जून

पुन्हा कोनाड्यात.

७ जून

आज पेला दोन्हीकडे नाही. आईला विचारलं. "फेकला," म्हणाली, पाठ न वळवता. मग वस्तीतली रंगूबाई शेण न्यायला आली. आईने पाणी दिलंच नाही. तिने मागितलंही नाही. मी उठून मांडणीवरच्या पेल्यात नेऊन दिलं. रंगूबाई पेल्याकडे बघत राहिली, मग आईकडे. "नगं दादा, मला तहान नाय," म्हणाली.

पाणी हातात घेऊन मी तसाच उभा.

१६ जून, गुरुवार

लताबाईंचं कार्ड. कुणा मुलीकडून लिहून घेतलेलं, अक्षर गोल.

"मल्हारी रजेवर आला. हे स्टेशनवर घ्यायला गेले होते. घरून पाण्याची बाटली भरून नेली होती, ती त्याला गाडीतून उतरल्या उतरल्या दिली. दोघे रिक्षा न करता चालत आले. कळावे."

माझं नाव फक्त पत्त्यात. कार्ड तीनदा वाचलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा रडलो. आनंदाने म्हणायचा मला अधिकार नाही, पण रडलो. आता पलटणीचं उत्तर आलं की टोपी जाईल. बिल्ला काढून पाकिटात घालून ठेवलाय, टोपी घडी करून त्यावर. जाऊ दे. हलकं वाटतंय.

२५ जून, शनिवार

उत्तर आलं. पगारेला त्याच्या पलटणीत रजेवर जाण्याआधी बोलावून पुन्हा विचारण्यात आलं. दोनदा. तुझा बडी स्वतः कबूल करतोय, हेही सांगण्यात आलं. त्याचं उत्तर तेच — पाणी मीच प्यायलो, मीच भरलं, आहेर मला वाचवायला बघतोय. सबब अर्ज बंद. रजा संपताच हजर व्हावे.

अजून खड्ड्यातच आहे तो. नाव घेतलं नाही.

आईने टोपी पुन्हा धुतली आहे.